लेकाच्या मेटल बँडचा पहिला अल्बम येतोय (नाशिक) : निम्मी फुशारकी, निम्मे प्रश्न

प्रेसशॉप_अंबड

राम राम मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र. आज धागा काढतोय कारण घरात आता ऐकून घ्यायला कोणी उरलं नाही. बायको म्हणते, पुरे झालं कौतुक.

चिरंजीव अकरावीला आहेत. चौघांचा बँड, सगळे सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या पट्ट्यातले, ड्रमवर एक मुलगी. संगीत हेवी मेटल. आठ गाणी, सगळी यांनीच रचलेली, रेकॉर्डिंग होत आलंय. बँडचं नाव मुद्दाम देत नाही. "पप्पा, तुमच्या त्या साईटवर आमची जाहिरात करायची नाही," अशी तंबी मिळालीय.

मी अंबडला प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनखाली पत्रा दाबून भाग काढतात तिथे, सुपरवायझर. गाण्यातलं ज्ञान भजनी मंडळात टाळ वाजवण्यापुरतं. मेटल मला कळलं ते बोटांवरून. ज्या ब्लॅक सॅबथपासून हा प्रकार सुरू झाला असं मानतात, त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या शीट मेटल कारखान्यात कामाला होता. वय १७. नोकरीचा शेवटचा दिवस, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक मशीनमध्ये गेलं. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या. पुढे ताराही सैल सोडून पट्टी खाली नेली आणि तो जड, खर्जातला आवाज आणखीच जड झाला. पहिला अल्बम त्याआधीच, १३ फेब्रुवारी १९७० ला आला होता.

आता दोन्ही हातांनी दाबायची बटणं आलीत, हात आत गेला की मशीन थांबवणारे लाईट कर्टन आलेत, पण आमच्याकडचे काही जुने ऑपरेटर अजून चहाचा ग्लास तीन बोटांत धरतात. लेकानं ही गोष्ट सांगितली तेव्हापासून हे संगीत मला परकं वाटेना. बर्मिंगहॅम काय नि अंबड-सातपूर काय.

प्रॅक्टिस एका मित्राच्या गाळ्यात, साप्ताहिक सुट्टीला. मी अँप वाहतो, एक्स्टेंशन बोर्ड सांभाळतो, वडापाव आणतो. गाण्यात तोंड घालत नाही, तो नियम आहे.

आता प्रश्न. पोरं अठराच्या आतली आहेत. अल्बम ऑनलाईन टाकताना सह्या कोणाच्या? अल्बमचा पहिला कार्यक्रम नाशकात करायचा की पुण्या-मुंबईला? गाणी पाच इंग्रजी, तीन मराठी आहेत, त्यावरून चौघांत जुंपलीय. आणि सगळ्यात अवघड म्हणजे घंटा. पुरावरच्या गाण्याच्या सुरुवातीला त्यांना गोदाकाठच्या नारोशंकर मंदिराची घंटा हवीय. ती कशी मिळणार?

गोदाकाठची

मनापासून अभिनंदन! लेकाचंही आणि वडापाव आणणाऱ्याचंही. पुरावरचं गाणं म्हणजे ज्याच्यावरून आपण गोदेचा पूर मोजतो तो दुतोंड्या मारुती आहे की नाही त्यात?

प्रेसशॉप_अंबड

आहे तर. ताई, ही पोरं २०१९ च्या ऑगस्टात प्राथमिक शाळेत होती, तो पूर त्यांनी डोळ्यांनी पाहिलाय. दोन ओळी चोरून देतो:

*मारुतीच्या छातीला पाणी,*
*दोन तोंडं, एक शब्द नाही.*

तिरकस_तात्या

मेटल म्हणजे बंड ना हो? इथे बाप अँप वाहतोय, मित्राचा गाळा फुकट, वर वडापाव. हे कसलं बंड? एकदा तरी दार आपटून "बंद कर तो गोंगाट" म्हणा, पोराला गाणी लिहायला विषय तरी मिळेल. (हलके घ्या.)

प्रेसशॉप_अंबड

तात्या, ते खातं माझ्या आईकडे आहे. ती रोज म्हणते. विषय पुरेसे आहेत.

ढोलवाला

नाशिकचा बँड आणि नाशिक ढोल नाही? दोन ढोल, चार ताशे घाला, पब्लिक वेडी होईल. दिल्लीचा मेटल बँड ब्लडीवूड ढोल घेऊन २०१९ ला जर्मनीत वाकेनच्या फेस्टिवलात वाजवून आला.

प्रेसशॉप_अंबड

भाऊ, मी हेच बोललो आणि नियम मोडला म्हणून वडापाव माझ्याकडून डबल गेले. त्यांचं म्हणणं, ढोल घातला की लोक ब्लडीवूडची नक्कल म्हणणार.

सिडको_साईड

मी त्या ड्रमवालीची आई. लेकीनंच लिंक पाठवली, "काका बघ काय लिहितायत" म्हणून. दादा, धागा छान आहे, पण तुमच्या लेखात गिटारवाल्याच्या बोटांना एक परिच्छेद आणि माझ्या लेकीला तीन शब्द!

ती आधी ढोल पथकात होती. मनगटं तिथेच तयार झाली. आता दोन्ही पायांनी बेस ड्रम वाजवते, डबल पेडल म्हणतात त्याला. सुरुवातीला पोटऱ्या इतक्या भरून यायच्या की रात्री तेल चोळून द्यावं लागायचं. घरात रबराच्या पॅडवर सराव करते, तरी खालच्या मजल्यावरून तक्रार आली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक गृहस्थ म्हणाले, मुलीनं कथक शिकावं. मी म्हटलं, कथकात पाय आपटत नाहीत का?

ढोल का नको, याचं खरं कारणही सांगते. ती म्हणाली, "आई, ढोल मी वाजवलाय, मला माहितीय तो किती भारी आहे. म्हणूनच तोंडी लावायला नको."

ढोलवाला

ताई, हे पटलं. शब्द मागे घेतो. पोरीला सांगा, मिरवणुकीला जागा राखून ठेवलीय.

प्रेसशॉप_अंबड

सिडकोच्या ताई, तीन शब्दांत मावेल अशी ती नाहीच. चौघांत वेळ पाळणारी एकटी तीच. बाकीच्यांची गाडी क्लिकच्या (हेडफोनमधल्या ठेक्याच्या) पुढे धावते, ही क्लिकवर बसून असते.

फेडर_वर

व्यवसायानं साऊंडवाला, गेली बरीच वर्षं लग्नं, गणपती आणि अधूनमधून खरं संगीत. थोडं सविस्तर लिहितो.

गाळ्याला पत्रा असणार. ड्रम वाजला की पत्रा सोबत वाजतो आणि तो आवाज माइकमध्ये एकदा शिरला की निघत नाही. छताखाली जाड गोधड्या, गाद्या, कंपनीतली जुनी ताडपत्री घडी घालून, जे मिळेल ते टांगा. अंड्यांचे ट्रे लावू नका. सगळे लावतात. त्यानं आवाज बाहेर जायचा थांबत नाही, खोलीत थोडी चुणचुण कमी होते इतकंच. आवाज अडवायला वजन लागतं आणि दोन थरांमध्ये हवेची पोकळी लागते.

मेटलच्या अल्बममध्ये पैसे ड्रमवर घाला. गिटारचा आवाज आज कॉम्प्युटरवर नंतरही घडवता येतो, त्यासाठी गिटारची कोरडी लाईन, म्हणजे अँपमधून न गेलेला आवाज, वेगळी रेकॉर्ड करून ठेवा. म्हणजे अँपचा आवाज पुढे आवडला नाही तरी वाजवलेलं वाया जात नाही. ड्रमचं तसं नाही. नवी कातडी चढवा, प्रत्येक गाण्याआधी सूर लावा.

आणखी एक. पट्टी खाली नेलेली गिटार आणि बेस एकाच तळमजल्यावर राहायला येतात, मग भांडतात. गिटारवाल्याला मिक्समध्ये स्वतःचा खर्ज कापायला सांगा. तो ऐकणार नाही. कापल्यावर ऐकवा, मग ऐकेल. आवाजाची पातळी फुल्ल करण्याच्याही नादी लागू नका. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण -१४ लफ्सवर (हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) आणून बसवतं, तुम्ही चिरडून मोठं केलेलं गाणं तिथे फक्त चपटं ऐकू येतं.

घंटेबद्दल: नारोशंकराची विसरा. देवस्थान, रामकुंडाची गर्दी, गाड्यांचे हॉर्न. तुम्ही प्रेस शॉपचे ना? लोखंड आहे तुमच्याकडे. जाड फ्लॅट पट्टी घ्या, टांगा, वाजवा. फक्त टोकाला भोक पाडून टांगू नका. दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर दोरी बांधा. पट्टी वाजते तेव्हा त्या दोन जागा जवळजवळ हलत नाहीत, म्हणून दोरी नाद खात नाही.

प्रेसशॉप_अंबड

वा! सुट्टीला करून बघतो.

बारावीची_आई

रंगाचा बेरंग करायचा नाही, पण अकरावी म्हणजे पुढच्या वर्षी बारावी आणि सीईटी. अल्बमच्या नादात पोरं वाहवत गेली तर? माझा भाचा तबल्यात गेला आणि आता "काय करतोस" विचारलं की विषय बदलतो.

तिरकस_तात्या

माझा पुतण्या इंजिनीअरिंगला गेला, तोही विषय बदलतो.

सिडको_साईड

ताई, काळजी मलाही आहे. आमच्याकडे असं ठरलंय की बारावीच्या दिवाळीनंतर स्टिक कपाटात. ती लेकीनंच घातलेली अट आहे. पाळेल की नाही ते दिवाळीला बघू.

वकीलीण_नाशिकरोड

सह्यांबद्दल. भारतीय करार कायदा १८७२, कलम ११: अज्ञान व्यक्ती करार करायला सक्षम नाही. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं मोहोरी बीबी खटल्यात सांगितलं की असा करार मुळातच शून्य. म्हणजे "पोरानं ओके दाबलं" याला अर्थ नाही. गाणी ऑनलाईन पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे खातं पालकाच्या नावानं काढा आणि चारही घरांची त्याला लेखी संमती असू द्या.

आता नाजूक भाग. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे गाण्याचे शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग हे तीन वेगळे हक्क. शब्द आणि चाल ज्यांनी केली त्यांची, त्यांच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. रेकॉर्डिंगचा मालक मात्र निर्माता, म्हणजे ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. दादा, स्टुडिओचं बिल तुम्ही भरत असाल आणि कागद नसेल, तर उद्या कोणी म्हणू शकतं की निर्माते तुम्हीच. आज हसाल, पण बँड फुटतात तेव्हा याच मुद्द्यावर फुटतात. एका पानावर लिहून ठेवा: कोणत्या गाण्याचे शब्द कोणाचे, चाल कोणाची, रेकॉर्डिंग चौघांचं समान, पालकांचे पैसे ही मदत की उसने. चारही घरांच्या सह्या. अल्बम येण्याआधी, नंतर नाही.

प्रेसशॉप_अंबड

मॅडम, हे डोक्यातच आलं नसतं. पैसे मदतच आहेत. पण "चाल कोणाची" हा रकाना भरताना तिसरं महायुद्ध होणार.

वकीलीण_नाशिकरोड

होऊ द्या. वडापाव खाताना झालेलं बरं, कोर्टात झालेलं महाग पडतं.

रूपकताल

मी शास्त्रीयवाला, मेटल ऐकवत नाही म्हणणाऱ्यांपैकी. पण एक विचारतो, ही पोरं सातच्या मात्रांत काही वाजवतात का?

सिडको_साईड

पुराचं गाणं सातातच आहे. लेकीला तुमचं नाव वाचून दाखवलं तर म्हणाली, "३-२-२, पण आमची सम खाली नसते, चांगली जमिनीत जाते."

रूपकताल

व्वा! सात मात्रांच्या रूपकात समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, टाळी न देता खाली धरतात हे तिला माहितीय तर. मग भाषेबद्दल माझं मत मोफत घ्या. मराठी वाढवा. मेटल गाण्यातल्या त्या गुरगुरण्यात स्वर बुडतात, व्यंजनं तेवढी उरतात, आणि ट, ठ, ड, ढ, ळ यांचा आपल्याकडे सुकाळ. पोवाड्याला हे कधीच कळलं होतं. बाहेरही आपल्या भाषेत गाणारी पोरं आहेत. न्यूझीलंडचा एलियन वेपनरी घ्या, दोघे भाऊ माओरीत थ्रॅश मेटल गातात. १८६४ च्या गेट पा लढाईवर त्यांचं गाणं आहे, त्या लढाईत त्यांचा पूर्वज होता. पहिला अल्बम २०१८ ला आला तेव्हा पोरं विशीच्या आतली होती. (होय, शोधून ऐकलं. पूर्ण ऐकलं. पुन्हा ऐकेन असं नाही.)

इंदिरानगरकर

माझं उलट मत. भाषा पोरांना ठरवू द्या. आपल्या मराठीच्या उमाळ्यापायी त्यांचं इंग्रजी गाणं मारू नका. मुंबईचा डेमॉनिक रिझरेक्शन २००० पासून इंग्रजीतच गातोय, काय बिघडलं?

गोदाकाठची

पटलं. इंडोनेशियात गारुतच्या तीन हिजाबी मुली आहेत, व्हॉइस ऑफ बाचेप्रोत. शाळेतल्या शिक्षकांनी त्यांना मेटलची गोडी लावली, २०१४ ला बँड झाला, २०२४ ला ग्लास्टनबरीला वाजवून आल्या. तिथल्या सुंदानी भाषेतही गातात, इंग्रजीतही. गाण्याला जी लागेल ती भाषा.

कान_नाक_घसा

डॉक्टर म्हणून दोन शब्द, मग जाते. ८५ डेसिबलला कान आठ तास निभावतो. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला हिशेब १५ मिनिटांवर येतो, आणि पत्र्याच्या गाळ्यात ड्रमशेजारी १०० सहज असतात. कानात शिट्टी वाजत राहिली तर तो इशारा समजा, शौर्य नव्हे. गाणाऱ्या मुलाचं: ते गुरगुरणं नीट शिकलेला माणूस खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या घड्या वापरून करतो. दुखलं किंवा दुसऱ्या दिवशी आवाज बसला, तर पद्धत चुकतेय. आवाज फुटायच्या वयात जास्तच जपा.

प्रेसशॉप_अंबड

डॉक्टर, कानाच्या बाबतीत मी कंपनीतला हिटलर आहे, घरीही तोच. मफ घातल्याशिवाय गाळ्याचं शटर उघडत नाही. गाणाऱ्याच्या आईला तुमचा निरोप आजच देतो.

इंदिरानगरकर

कार्यक्रम नाशकातच करा. "इथे श्रोते नाहीत" हे रडगाणं फार झालं. इतकी वर्षं सुला फेस्टला बाहेरचे बँड आले, तेव्हा उड्या मारणारे आपलेच होते. हॉल बंदिस्त घ्या. उघड्यावर रात्री १० नंतर लाऊडस्पीकर चालत नाही, २००० सालचे नियम आहेत, बंद सभागृहाला त्यात सूट आहे. तरी दहाच्या आत संपवा. आयांना न्यायला यायचं असतं.

तिरकस_तात्या

मुंबईला न्यायचं तर पंचवटी एक्सप्रेसमध्ये ड्रम चढवताना मला बोलवा. पासवाल्यांच्या जागेवर बेस ड्रम ठेवलेला मला बघायचाय. त्याहून मोठा मेटल कार्यक्रम होणे नाही.

प्रेसशॉप_अंबड

घंटेचा वृत्तांत. फेडरभाऊ, साष्टांग नमस्कार.

स्क्रॅपमधून रीतसर वजन करून, पावती फाडून, एक जाड फ्लॅट आणला. लेकानं टेपनं मोजून खडूनं दोन खुणा केल्या. नायलॉनची दोरी, चेन पुली, पट्टी कमरेच्या उंचीवर आडवी. आधी हौसेनं टोकाला धरून वाजवली, नुसता 'टण्', लगेच मेला. मग खुणांवर बांधून वाजवली. मंडळी, मी या लोखंडात आयुष्य काढलंय, लोखंड असं बोलतं हे मला ठाऊक नव्हतं. नाद लांबत गेला, मधेच जरा लहरला, गाळ्याच्या शटरनंही बारीक साथ दिली. हातोडीला मी कापड गुंडाळलं होतं. ड्रमवाली म्हणाली, "काका, कापड काढा, पूर येतोय, आरती नाही." काढलं. पुढचा ठोका तिचा होता, आणि तोच रेकॉर्डिंगमध्ये गेला. शेवटाला शटर ऐकू येतं. फेडरभाऊ, ते काढायचं का?

फेडर_वर

अजिबात नाही. शटर राहू द्या. आणि मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा, पोरं एकाच लॅपटॉपवर सगळं ठेवतात.

गोदाकाठची

वसईच्या मोहिमेतून आणलेली पोर्तुगीज घंटा आपण नारोशंकराला टांगली आणि पूर मोजायला वापरली. त्या परंपरेत अंबडचं स्क्रॅप अगदी बसतं.

इंदिरानगरकर

पैशाचं काय ठरलं? स्पॉटिफायवर वर्षात हजारदा वाजल्याशिवाय एका गाण्याचा छदामही मिळत नाही. बँड थेट गाणी विकतात त्या बँडकॅम्प साईटवर ठेवा. ते डिजिटलवर १५ टक्के कापतात, वस्तूंवर १०, बाकी बँडचं.

प्रेसशॉप_अंबड

दोन्हीकडे टाकतोय. खरी कमाई झालीच तर टी-शर्टवर. नमुना छापून आलाय. मेटलवाल्यांची अक्षरं वाचता येऊ नयेत अशीच काढतात म्हणे. आईनं चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "हे बाभळीचं कुंपण का छापलंय?" पोरं खूश आहेत, म्हणजे लोगो जमलाय.

सह्यांचं पान परवा होतंय, आमच्याकडेच, चारही घरं येतायत. सिडकोच्या ताई, साडेसहाला या. गाणाऱ्याच्या वडिलांची सेकंड शिफ्ट आहे, त्यांची सही आधीच घेऊन ठेवलीय.

सिडको_साईड

येते. पण वडापाव नको, मी दाबेली आणते. आणि "चाल कोणाची" मध्ये पुराच्या गाण्यापुढे लेकीचं नाव पहिलं हवं, ठेका तिचा आहे.

प्रेसशॉप_अंबड

महायुद्ध सुरू.

तिरकस_तात्या

टी-शर्ट एक्सएलमध्ये आहे का? काळा असेल तरच.

प्रेसशॉप_अंबड

तात्या, दुसरा रंग छापायला पोरं तयारच नाहीत. एक्सएल बाजूला ठेवतो. पैसे रोख, बंडखोरांना उधारी नाही.